नियमाला आपपरभाव नसतो

नागपूरजवळील जामठ्याच्या मैदानावर २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५ या काळात रणजी करंडकाचा अंतिम सामना रंगला. एका बाजूस यजमान विदर्भ, तर दुसऱ्या बाजूस प्रथमच अंतिम फेरी गाठलेला केरळ.

दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या बळावर विदर्भाने पहिल्या डावात ३७९ धावा उभारल्या. उत्तरादाखल केरळकडून आदित्य सरवटेने ७९ धावांची चिवट खेळी केली. हा आदित्य मूळचा विदर्भाचाच. २०१९ मध्ये याच मैदानावरील अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन त्याने विदर्भाच्या विजयाचा पाया रचला होता. आता तोच विदर्भाच्या वाटेत उभा होता. ज्या संघाकडून खेळायचे, त्याच्याशी त्याने पूर्ण इमान राखले.

कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला आणि केरळचा डाव ३४२ धावांत आटोपला. सामना अनिर्णित राहिला; पहिल्या डावातील अवघ्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला.

याच नियमाने केरळला उपान्त्यपूर्व फेरीत एका, तर उपान्त्य फेरीत दोन धावांच्या आघाडीवर तारले होते. अंतिम सामन्यात त्यानेच त्यांना रोखले. लाभाच्या वेळी मान्य केलेला नियम हानीच्या वेळीही तितक्याच शांतपणे मान्य करणे, ही खिलाडूवृत्तीची खरी कसोटी होय. घराघरांतील मुलांनी धावसंख्येइतकेच हेही ध्यानी ठेवावे.