बोट गेलं, दुखणं राहिलं

माझ्या चुलतभावाचं अंगठ्याशेजारचं बोट पॉवर प्रेसमध्ये गेलं, त्याला सहा वर्षं झाली. जखम महिनाभरात भरली. पण आजही शर्टाचं बटण लावताना त्या थोट्याला कापड घासलं, की शॉक बसल्यासारखा कळवळतो. घरचे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत. मीही म्हणालो होतो. त्याची आज लाज वाटते.

कारण हे मनाचं नाहीच. तुटलेली नस (रक्ताची नव्हे, संवेदनेची) पुन्हा वाढू लागते, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. पुढे वाट सापडली नाही, तर तिचे तंतू तिथेच गुंतून गाठ होते. डॉक्टर तिला न्यूरोमा म्हणतात. प्रत्येक गाठ दुखत नाही, पण जी दुखते ती माणसाला कामाचं ठेवत नाही.

जुनी रीत अशी, की नस ओढायची, कापायची आणि मांसात आत सोडून द्यायची. शिकागोचे डॉ. टॉड कुईकेन आणि डॉ. ग्रेगरी डुमानियन यांनी तुटलेली नस जवळच्या स्नायूच्या बारीक नसेला जोडायला सुरुवात केली. हेतू होता कृत्रिम हात चालवण्याचा, पण दुखणंही कमी होतंय असं दिसलं. मिशिगनच्या डॉक्टरांनी आणखी सोपं काढलं. स्नायूचा छोटा तुकडा नसेच्या टोकाभोवती गुंडाळायचा. नसेला जायला जागा मिळाली, की दुखऱ्या गाठीची शक्यता घटते.

मग हे आपल्याकडे पहिल्याच ऑपरेशनला का होऊ नये? मध्यरात्री आलेल्या अपघातात जमेलच असं नाही, मान्य. पण मधुमेहामुळे पाय काढायचा असतो, तेव्हा बऱ्याचदा विचार करायला वेळ असतो. सरकारी रुग्णालयांतल्या सर्जननाही हे शिकायला मिळालं पाहिजे.

आणि भरपाईचं काय? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात हे बोट पूर्ण गेलं, तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरायचे. त्या तक्त्यात बोटं मोजली होती, दुखण्याला रकानाच नव्हता. माझ्या भावाने मशीनवरचं काम सोडलं ते बोट नाही म्हणून नव्हे, दुखतं म्हणून.

उद्या तुमच्या घरात कुणावर अशी वेळ आली, तर सह्या करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा, "नसेचं टोक कुठे ठेवणार आहात?"

आम्हाला तेव्हा हे विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं.