ड्रोनइतकाच माणसावरही खर्च करा



शेतीतल्या नव्या करिअरविषयी सध्या जे छापून येते, त्यात ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचाच बोलबाला असतो. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत 15 हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले. किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये अनुदान. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर करून 500 कोटींची तरतूद केली. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. पण कृषी पदवीधरांची आज सर्वांत जास्त निकड आहे ती शेतकरी उत्पादक कंपन्यांना, आणि तिथल्या पगाराविषयी कोणीच बोलत नाही.

युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांचेच पाहा. बागेची नोंदणी झालेली लागते. कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या तारखेला फवारले आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळला का, हे वहीत लिहिलेले लागते. रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी मोजून तोड ठरते. पॅकहाऊसमध्ये बायका कात्रीने एकेक खराब मणी काढतात, घड अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये बसतात आणि माल प्री-कूलिंगला जातो. या साखळीत कुठेही जाणते माणूस कमी पडले की फटका बागायतदाराला. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षे नाकारली. ते रसायन तोवर आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते!

दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स शेतकऱ्यांच्याच मालकीची. निर्यात, प्रक्रिया, गुणवत्ता तपासणी अशा प्रत्येक कामाला तिथे शिकलेली माणसे आहेत. लहान कंपन्यांना हे कसे परवडावे?

केंद्राने 2020 मध्ये 10 हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो आकडा गाठला. प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल 18 लाख रुपये मिळतात. व्यवस्थापक आणि हिशेबनिसाचा पगार, कार्यालयाचे भाडे, वीजबिल, प्रवास, सगळे त्यातच. पहिले वर्ष सभासद जमवण्यात आणि परवाने काढण्यात जाते. दुसऱ्या वर्षी कुठे खते-बियाण्यांचा व्यवहार सुरू होतो. खरेदीदाराशी सूत जमेपर्यंत मदतीची मुदत संपत आलेली असते. अशा नोकरीच्या भरवशावर कोणता पदवीधर गावी परतेल? त्यापेक्षा पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची आणखी दोन वर्षे त्याला जास्त खात्रीची वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावोगावी जातात. बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, माती नमुन्याची प्रात्यक्षिके करतात. ती हवीतच. पण त्यातले निदान दोन महिने त्यांनी उत्पादक कंपनीत काढावेत: ताळेबंद वाचावा, प्रतवारी शिकावी, व्यापाऱ्याशी भाव ठरताना समोर बसावे.

राज्य सरकारने केंद्राची मदत संपल्यावर पुढची दोन वर्षे तरी व्यवस्थापकाच्या पगाराचा अर्धा वाटा उचलावा, आणि तो कंपनीच्या वार्षिक उलाढालीशी जोडावा, म्हणजे कागदावरच्या कंपन्या आपोआप गळतील. येत्या अर्थसंकल्पात कृषिमंत्र्यांनी ही तरतूद करावी, अशी आग्रहाची मागणी आहे.

— एक वाचक, नाशिक