हाकेला ओ

पहिल्या पानावर अग्रलेख लिहिण्याचा प्रसंग वारंवार येत नाही; येतो तेव्हा तो बहुधा कोणाचे तरी वाभाडे काढण्याचाच असतो. सरकारी कारभाराविषयी बरे बोलावयाचे झाले की आमच्या व्यवसायातील माणसाची लेखणी अडखळते, आणि त्यात फारसे गैर आहे असेही आम्हांस वाटत नाही. तथापि चांगल्याला चांगले म्हणावयाचेच नाही, असा काही वृत्तपत्राचा धर्म नव्हे. २६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ही अशी एक चांगली गोष्ट आहे. तिचे नुसते गोडवे गाणे हा आजचा हेतू नाही. तिचे मोल नेमके कशात आहे ते ओळखले नाही, तर ती आपल्या डोळ्यांदेखत निकामी होईल, अशी धास्ती आम्हांस वाटते.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी कात्रजचा बोगदा ओलांडतो, खेड शिवापूर मागे टाकतो, आणि नसरापूर फाट्याकडे जाताना त्याला भोर तालुक्यातील शिवरे हे गाव लागते. लागते म्हणण्यापेक्षा निघून जाते म्हणणेच योग्य. कारण महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यास गावाची पाटी वाचण्याइतकीही सवड नसते. बंगळूरकडे निघालेला मालट्रक, कोल्हापूरची एस. टी., सुखवस्तू पुणेकराची मोटार, भाजीचा टेंपो आणि दुचाकीवरून कामाला निघालेला आसपासच्या गावातील तरुण हे सारे या पट्ट्यावर एकमेकांना चाटून जातात. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होती. शिवरे येथून जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणीही असो, हा आकडा सारखाच लागू आहे.

पूर्वी अशा ठिकाणी अपघात झाला म्हणजे काय होत असे, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना सांगावयास नको. रस्त्यात उभे राहून मिळेल ते वाहन थांबवावयाचे. वडापची जीप, दुधाचा टेंपो, रिकामा परतणारा ट्रक, जे थांबेल ते खरे. जखमी माणसाला खांद्याला आणि पायांना धरून मागच्या बाजूस आडवा टाकावयाचा, आणि पुष्कळदा त्या धसमुसळ्या उचलण्यानेच मोडलेल्या कण्याची उरलीसुरली आशा संपावयाची. पुढे कोणत्या रुग्णालयात न्यावे, तेथे घेतील काय, आधी किती रक्कम भरावी लागेल, पोलीस कोणाला धरून बसवतील, या सर्व प्रश्नांचा खल रक्त वाहत असतानाच चाले. आणि सर्वांत शेवटी, किंबहुना सर्वांत आधी, एक प्रश्न विचारला जाई : ‘तिथे कोणी ओळखीचे आहे का?’

हा प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनाचा पाया आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शाळेतील प्रवेशापासून स्मशानातील दाखल्यापर्यंत आपण ओळखीवर जगतो. आम्ही शिक्षक होतो त्या काळात नागरिकशास्त्राच्या तासाला हक्क आणि कर्तव्ये यांच्या व्याख्या पाठ करून घेत असू. परंतु मुले तासावरून बाहेर पडली की वडिलांचे कोठे चालते हाच धडा त्यांना घरोघर मिळे. १०८ या सेवेने निदान एका जागी हा धडा खोटा पाडला. तेथे नाव विचारले जाते ते रुग्णाला ओळखता यावे म्हणून, त्याची पत ठरविण्यासाठी नव्हे. पैसे मागितले जात नाहीत. वेल्हे तालुक्यातील शेतमजूर बाई आणि पुण्यातील निवृत्त अधिकारी हे दोघे तीनच आकडे फिरवितात आणि त्यांना उत्तर देणारे केंद्र एकच असते.

ते केंद्र पुण्यातच, औंध येथील शासकीय उरो रुग्णालयाच्या आवारात आहे. राज्यात कोठूनही दूरध्वनी केला तरी तो तेथे पोहोचतो. काय झाले, कोठे झाले हे विचारून घेतले जाते, आणि जवळची मोकळी रुग्णवाहिका उपग्रहाच्या साहाय्याने शोधून त्या दिशेला धाडली जाते. आरंभी अशा ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रासह प्रगत साधने होती, उरलेल्या ७०४ प्राथमिक उपचारांच्या होत्या. शहरात २० मिनिटांत व खेड्यात ३० मिनिटांत पोहोचावे, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. हा क्रमांक देशात प्रथम १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथे सुरू झाला व पुढे बहुतेक राज्यांनी उचलला. परंतु गाडीबरोबर केवळ प्रशिक्षित मदतनीस न पाठविता डॉक्टर पाठवावयाचा, हे महाराष्ट्राने ठरविले. रुग्णालय गाठण्याआधीच उपचार सुरू होतात ते त्यामुळे. वाटेत गाडीतच बाळंत झालेल्या स्त्रिया या सेवेच्या इतिहासात थोड्याथोडक्या नाहीत. भोर-वेल्ह्याच्या बाजूस भातलावणीच्या दिवसांत साप चावतो. वरंधा घाटापलीकडे महाड येथे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशावरील उपचारांत आयुष्य घालविले; दंश आणि औषध यांच्यामधला वेळ जीव राखतो किंवा घेतो, हे कोकणात आणि मावळात कोणालाही वेगळे शिकवावे लागत नाही.

अशी सेवा कोणाच्या मेहेरबानीने जन्माला येत नाही, हेही सांगितले पाहिजे. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका डॉक्टरच्या घराला आग लागली आणि पाच स्त्रिया प्राणास मुकल्या. शेजाऱ्याने अग्निशामक दलाला दूरध्वनी केला होता, पण टेलिफोन खात्याने त्याला रांगेत ताटकळत ठेवले. त्या गृहस्थाने संतापून ‘टाइम्स’च्या संपादकांना पत्र लिहिले, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. वाचकांच्या पत्रांना केराची टोपली दाखविणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी ही हकीकत टेबलाच्या काचेखाली ठेवावी. पण मुद्दा निराळाच आहे. ते पत्र लिहिणारा गृहस्थ सुशिक्षित, सुस्थित होता, आणि ज्या सेवेविषयी तो लिहीत होता ती त्याच्या स्वतःच्या गल्लीतील होती.

आमची धास्ती येथे आहे. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या दाराशी मोटार उभी आहे, खिशात विम्याचे कार्ड आहे आणि खाजगी रुग्णालयाचा क्रमांक पाठ आहे. १०८ ही ‘त्यांच्यासाठी’ असलेली सेवा, अशी समजूत शहरी मध्यमवर्गात हळूहळू पसरत आहे. महापालिकेच्या शाळांचे काय झाले ते आम्ही जवळून पाहिले आहे. डॉक्टर-वकिलांची मुले त्या शाळांतून गेली, त्यानंतर गळक्या छपराविषयी पत्र लिहिणारे कोणी उरले नाही. ज्यांची मुले राहिली त्यांना पत्र लिहिण्याची सवय नव्हती, आणि लिहिले असते तरी वाचले कोणी असते? या सेवेवर ती पाळी यावयास नको. शिवरे येथे मध्यरात्री मोटार दुभाजकावर आदळली तर विम्याचे कार्ड बोलावू शकेल अशी दुसरी गाडी त्या रस्त्यावर बहुधा नसते.

गाड्या जुन्या होतात. २०१४ साली आलेल्या ज्या अजून धावत आहेत त्यांनी दशकाहून अधिक काळ घाटरस्ते तुडविले आहेत. चालक व डॉक्टर हे शासनाचे नोकर नसून ठेकेदाराचे आहेत. वेतनाविषयी त्यांनी केलेल्या तक्रारी आणि पुकारलेली आंदोलने वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर अधूनमधून चमकून जातात. ठेका कोणाला, किती रकमेला, यावर २०२४ पासून बराच वाद झाला. तो अवश्य व्हावा. परंतु जो चालक अंधारात वळणावर गाडी काढतो, त्याच्या हाती महिन्याकाठी काय पडते, हा प्रश्न त्या वादात कोणी फारसा विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

नागरिकांकडूनही थोडी अपेक्षा आहे. भोंगा वाजवीत येणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट देण्याऐवजी तिच्या मागे मागे मोटार दामटणारे महाभाग याच शहरात राहतात. गंमत म्हणून १०८ फिरविणारेही आहेत. जखमीला मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती मात्र आता निराधार आहे : सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांना संरक्षण दिले, आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. नाव न सांगता निघून जाण्याची मुभा त्यांना आहे.

जेथे रस्ता संपतो तेथे मात्र रुग्णवाहिकाही थांबते. वेल्ह्याच्या, म्हणजे नव्या नावाने राजगड तालुक्याच्या, डोंगरातील काही वस्त्यांवरून आजही रुग्णाला डोलीत घालून खांद्यावर उतरवावे लागते. ३० मिनिटांचे घड्याळ तेथे सुरूच होत नाही. म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे. दूरध्वनी आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंत किती वेळ लागला आणि किती वेळा गाडी उपलब्धच नव्हती, हे तालुकावार आकडे शासनाने दर महिन्याला पंचायत समितीच्या फलकावर लावावेत. प्रारंभ भोर आणि राजगड या दोन तालुक्यांपासून करावा. ते आकडे आमच्याकडे आल्यास, चांगले असोत वा वाईट, आम्ही ते याच पानावर छापू.