'उंबरठा'तली सुलभा आज जालन्यात असती, तर तिला घटस्फोट कसा मिळाला असता?

'उंबरठा'ची गाणी आजही रील्सवर फिरतात. सिनेमा मात्र एका मोडत चाललेल्या संसाराचा आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

डॉ. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९८२ चा. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा (स्मिता पाटील) घर आणि लेक मागे ठेवून महिलाश्रमात अधीक्षिकेच्या नोकरीवर जाते. परत येते तेव्हा वकील नवऱ्याचे (गिरीश कर्नाड) दुसऱ्या स्त्रीशी संबंध असल्याचं तिला कळतं. ती पुन्हा घराबाहेर पडते.

यात कुणी दारुडा नाही, मारझोड नाही. तरी संसार संपतो. चूक कुणाची, हे सिनेमा प्रेक्षकांवर सोडून देतो. कोर्टाला तसं सोडता येत नाही.

कारण 'आमचं आता जमत नाही' हे हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये घटस्फोटाचं कारणच नाही. व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग अशा कारणांपैकी एखादं सिद्ध करावं लागतं. म्हणजे सुलभा व्यभिचाराचं कारण देऊ शकली असती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचा गुन्हा रद्द केला, पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो कायम आहे. उलट नवरा म्हणाला असता, 'हीच घर सोडून गेली.' पण नोकरीसाठी लांब राहणं म्हणजे आपोआप परित्याग होत नाही. साथ कायमची सोडण्याचा हेतू दाखवावा लागतो.

दोघं राजी असतील तर वाट सोपी. वर्षभर वेगळं राहिल्यावर संमतीने अर्ज करता येतो. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

मग २०२३ मध्ये 'सुधारण्यापलीकडे गेलेलं लग्न मोडता येईल' अशी बातमी आली होती, ती? ती खरी आहे, पण अर्धीच पोहोचली. घटनेच्या कलम १४२ खालचा तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. जालन्याच्या कोर्टात त्या आधारावर घटस्फोट मिळत नाही.

जालन्यातल्या मुलींनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. लग्नानंतर पुण्या-मुंबईला गेलेली मुलगी भोकरदन किंवा परतूरला माहेरी परतली, तर घटस्फोटाच्या अर्जासाठी तिला पुन्हा पुण्याला जाण्याची सक्ती नाही. २००३ च्या दुरुस्तीनुसार पत्नी जिथे राहते, तिथल्या अधिकारक्षेत्रातल्या कोर्टात ती अर्ज करू शकते. नवऱ्याने आधीच पुण्यात अर्ज केला असेल, तर तो जालन्याला वर्ग करण्याची मागणी उच्च न्यायालयाकडे करता येते. अशा वेळी पत्नीची गैरसोय सहसा विचारात घेतली जाते.

पोटगीसाठी तर घटस्फोटापर्यंत थांबण्याचीही गरज नाही. जुन्या फौजदारी संहितेतलं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय, इतकाच बदल.

तरीही मोडलेला प्रत्येक संसार कोर्टापर्यंत येतो असं नाही. मराठवाड्यातून उसाच्या फडावर जाणारं जोडपं म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक 'कोयता'. उचलही जोडीच्या नावावर. नवरा-बायको वेगळे झाले की कोयता अर्धा होतो, उचल मात्र पूर्ण फेडायची असते. पोटगी मागायची तर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. पण या नवऱ्याची पगाराची स्लिप कुठे असते? त्याची कमाई मुकादमाच्या वहीत.

अशा बाईला वकील परवडणार नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.