विहिरीत उतरण्याआधी



उन्हाळा लागला की आपल्या परतवाडा-अचलपूर भागात विहिरींचा गाळ काढण्याची कामे निघतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका गावी मजूर विहिरीत उतरला तो वर आलाच नाही. त्याला काढायला भाऊ उतरला, भावामागे शेजारी. तिघेही गेले. भाऊ आणि शेजारी गेले ते मदतीच्या घाईने.

वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी आहेत. जमिनीखालच्या खाणींसाठी सरकारने १९८५ साली खाण बचाव नियम केले. त्यांचे सार आपण घ्यावे. विषारी हवेत शिकवून तयार केलेला, डॉक्टरने तपासलेला आणि श्वासाचे उपकरण लावलेला माणूसच जातो. तोही एकटा नाही, पथकासोबत. खाणीतल्या जाणत्या माणसांना जे बंधन, ते आपल्याला नको काय?

बंद पडलेल्या खोल विहिरीत प्राणवायू कमी होतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. विहिरीत डिझेल इंजिन चालवले तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही.

कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नयेच. पण जळत राहिला म्हणून हवा चांगली असे समजू नये. मोनॉक्साइड त्याने कळत नाही, आणि पेट घेणारा वायू असला तर भडका उडतो. फांद्यांचा भारा खाली-वर केल्याने हवा हलते, तेवढ्यावरही भरवसा ठेवू नये.

म्हणून इंजिन वरच ठेवा. उतरण्याआधी पंख्याने बराच वेळ ताजी हवा खाली सोडा. उतरणाऱ्याच्या छातीला दोर पक्का बांधा आणि वर दोन-तीन धट्टेकट्टे गडी ठेवा. चक्कर आली म्हणताच ओढून घ्या.

दोर नसेल आणि माणूस खाली पडला असेल, तर त्याच्यामागे कोणी उतरू नये. पंखा चालू ठेवा, ११२ किंवा १०१ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

माय-बहिणींनो, अशा वेळी काठावर हात धरून अडवणारे तुम्हीच असता. भीड धरू नका, अडवा.