पाणी आलें, पण माती गेली

आपल्या बीड जिल्ह्यांत पाण्याची चिंता कोणास नाहीं? विहिरीस पाणी लागलें, पंप बसला, कीं घरांत सणासारखा आनंद होतो. आणि तें योग्यच आहे. परंतु बालाघाटाच्या उतारावरील बागायतदार एक गोष्ट विसरतात. शेतांतून वाहून जाणारें पाणी एकटें जात नाहीं; तें माती बरोबर नेतें.

पावसास दोष देणें सोपें आहे. पण पाऊस वर्षांतून थोडेच दिवस पडतो. बागायतीचें पाणी मात्र पुनः पुनः सोडावें लागतें. उताराच्या दिशेनेंच सऱ्या पाडून वरून जोराचा लोट सोडला, तर प्रत्येक सरीची घळ होऊं लागते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची झीज करण्याची शक्ति चौपट होते. एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर थर गेला, तरी चार घनमीटर, म्हणजे सुमारें पांच टन माती गेली. आणि डोळ्यांस तें दिसतहि नाहीं!

सोळाव्या शतकांत बीडजवळ खजाना बावडी बांधणारांस हें मर्म ठाऊक होतें. तिचें पाणी मोटेवांचून, केवळ बेताच्या उतारानें, शेतांस पोंचविलें गेलें. त्यांनीं पाण्यास चालविलें. धांवूं दिलें नाहीं.

आपणहि तेंच करावें. नांगरट व सऱ्या उतारास आडव्या, समपातळीवर असाव्या. पाणी थोडें थोडें व विभागून सोडावें. ऐपत असल्यास ठिबक घ्यावें. बांधावर गवत वाढवावें, आणि जादा पाण्यास दगडी सांडव्याची वाट ठेवावी.

कोणी म्हणतील, बांधानें जमीन अडते. अडते खरी, पण धूप सबंध शेतच खाते. धरणांतील गाळ काढून शेतांत नेण्याची योजना शासनानें २०१७ मध्यें सुरू केली. ती उपयुक्त आहे. परंतु उतारावरून फुकट गेलेली माती खर्च करून परत आणण्यापेक्षां ती जागींच राखणें अधिक शहाणपणाचें नव्हे काय?

विद्यार्थिमित्रांनो, शेतास पाणी चालू असतां खालच्या बांधाशीं जा. बाहेर पडणारें पाणी कांचेच्या पेल्यांत भरून रात्रभर ठेवा. सकाळीं तळाशीं बसलेला गाळ घरांतील वडीलधाऱ्यांस दाखवा, आणि पुढील सरी कोणत्या दिशेनें पाडावयाची तें त्यांच्यासह ठरवा.