जुनं ते सोनं, पण कुणाचं?

गणपतीत घर भरलं की आमच्याकडे एक तरी वाद रंगतोच. यंदा तो मोदकांच्या उकडीवरून नव्हे, तर चक्क इंग्लंडच्या गाण्यांवरून रंगला! आमचे मोठे भाऊजी पुण्यात इंजिनिअरिंगला होते तेव्हापासून बीटल्स, क्वीनच्या कॅसेटी जपणारे. "सत्तरचं दशक संपलं आणि तिथलं गाणंही संपलं," हे त्यांचं ठाम मत. माझी लेक एका कानात इअरफोन घालूनच म्हणाली, "काका, तुम्ही नवीन ऐकता तरी का?" मी आपली नारळ खवता खवता दोघांचं ऐकत होते.

आम्ही वाईचे. घाट चढलं की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्स शाळेत क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी शिकला. त्यामुळे हा विषय आम्हाला अगदीच परका नाही, असं भाऊजी दरवर्षी सांगतात.

त्यांचं सगळंच चूक आहे असं नाही हं. बीटल्सच्या पहिल्या एलपीतली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात रेकॉर्ड झाली. गळा बसला तरी गायचं, चूक झाली तर पुन्हा वाजवायचं! आता संगणकावर सूर नीट करता येतो. शिवाय २००४ ते २०१८ 'एक्स फॅक्टर'सारख्या टीव्ही स्पर्धेतून गायक घडवले गेले. त्यातली कितीतरी गाणी मलाही एकसारखीच वाटतात.

पण एक सांगू? आपण तांदूळ निवडतो, खडे फेकून देतो आणि मग म्हणतो, पूर्वीच्या तांदळात खडेच नसायचे! १९६७ मध्ये बीटल्सचं 'पेनी लेन' पहिल्या क्रमांकावर पोचलंच नाही. ती जागा एंजलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'नं अडवून धरली होती. (हा गडी जन्मला मद्रासला!) ते गाणं आज कितीजणांच्या ओठांवर आहे? भाऊजींच्या कॅसेटींत तर नाहीच.

आणि माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. त्या सोन्याच्या काळात बायका कुठे होत्या? गात होत्या की! डस्टी स्प्रिंगफील्ड, सिला ब्लॅक, एकापेक्षा एक गळे. पण त्यांची गाजलेली गाणी बहुतेक दुसऱ्यांनी, त्यातही पुरुषांनी लिहिलेली. तिथली लोकप्रियतेची यादी १९५२ मध्ये सुरू झाली आणि स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन पहिल्या नंबरवर जायला इंग्लंडच्या बाईला १९७८ साल उजाडावं लागलं. ती केट बुश, वय वर्षं एकोणीस. गाणं 'वुदरिंग हाइट्स'. ही एमिली ब्रॉन्टेची कादंबरी आम्हाला बी.ए.ला होती. खिडकीबाहेरची ती कॅथी आठवली की आजही अंगावर काटा येतो. तिची हाक गाण्यात आणायचं एका पोरीला सुचलं! कंपनीला आधी दुसरं गाणं काढायचं होतं, पण ती हटून बसली.

त्यानंतरची रांग बघा. एमी वाइनहाउस, अडेल, आताची रे. रेचा अल्बम तिच्या कंपनीनं वर्षानुवर्षं अडवून ठेवला. २०२१ मध्ये तिनं ते जाहीरपणे सांगितलं, कंपनी सोडली, २०२३ मध्ये स्वतःच अल्बम काढला आणि २०२४ च्या ब्रिट सोहळ्यात एका रात्रीत सहा पुरस्कार नेले. बचत गटाच्या बैठकीत वर्षभर मान खाली घालून बसणारी बाई एक दिवस उठून हिशेब विचारते ना, तस्संच मला वाटलं. या तिघी क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये शिकल्या. तिथे फी नाही. अशा शाळा टिकतात की नाही, याची काळजी मला चाली घसरल्या का, यापेक्षा जास्त वाटते.

हे सगळं मी भाऊजींना सुनावलं. ते म्हणाले, "वहिनी, केट बुश आमच्याच काळातली!" आरती झाल्यावर लेकीनं तिचंच 'रनिंग अप दॅट हिल' लावलं. गाणं १९८५ चं, पण एका टीव्ही मालिकेत वाजलं आणि २०२२ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं.

"बघ, जुनंच!" भाऊजी.

"पण पहिला नंबर आमच्यामुळे!" लेक.

मी दोघांपुढे मोदकाचं ताट सरकवलं आणि आवाज थोडा वाढवायला सांगितला.